खिडक्या लावणारी पोर

अम्मानजवळच्या सल्त गावात मिफ्लिह शेखसारखा मध्यस्थ झाला नाही. मिशी इतकी लांब, की एका टोकावर कावळा बसला तर दुसऱ्या टोकाला दुपारनंतर कळायचं. भांडलेल्या दोन डोंगरांचा म्हणे त्यानं एकदा समेट केला होता. त्या शुक्रवारी तो पंधरा-वीस माणसं घेऊन अबू रातिबच्या दारी आला, पुतण्या सुफयानची बायको परत न्यायला.

ती बायको म्हणजे अबू रातिबची लेक, रुदैना. आठवड्यापूर्वी दोन लेकरांना घेऊन माहेरी आली होती, डोळा काळानिळा. "बाबा, कपाटाचं दार लागलं," म्हणाली. मागच्या वेळीही दारच लागलं होतं, आणि अबू रातिबनं तिला समजावून परत धाडलं होतं.

"त्या घरातली दारं भारीच मारकी बाई," तिची आई उम्म रातिब तेव्हा म्हणाली होती.

मंडळी गाद्यांवर टेकली. अबू रातिबनं कॉफी ओतली. शेखनं वाटी घेतली आणि न पिता समोर ठेवली. रीतच आहे ती. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफीला तोंड लावत नाही, आणि यजमान "प्या" म्हणाला की शब्द दिला. कॉफी तशीच गार झाली तर दोन्हीकडची नाचक्की. अबू रातिबच्या घरात ते कधी घडलं नव्हतं.

"आमचं पोरगं चुकलं," शेख म्हणाला. "हात जरा सुटतो त्याचा."

"सुटतो? मग खुंटीला बांधा की," दाराआडून उम्म रातिब म्हणाली.

काही जण मिशीत हसले. सुफयान मान खाली घालून बसला होता.

"अगं, गप्प बस ना," अबू रातिब पुटपुटला.

"भांड्याला भांडं लागायचंच," शेख म्हणाला. "पण लेकरांकडे बघा. बापाविना लेकरं वाढवाल? त्यांच्यासाठी तरी पाठवा."

अबू रातिबला ते पटलं. लेकरं लहान, त्यांना काय कळतंय? यमान तर दोनच वर्षांचा. आणि सात वर्षांची लमार, किती गुणाची. आठवडाभर घरात पाऊल वाजलं नाही तिचं. शेजारीपाजारी तो कौतुकानं सांगत सुटला होता. आत्ताही ती खजुराचं ताट घेऊन मुकाट्यानं फिरत होती.

"प्या" हा शब्द त्याच्या ओठावर आला.

"अहो, लेकीला विचारलंत का?" पुन्हा दाराआडून आवाज आला.

सुफयानच्या चुलतभावाचं डोकं फिरलं. त्यानं पितळी तबकावर थाड्‌कन हात मारला. "बायकांनी पुरुषांत बोलायचं नाही!"

लमारनं ताट खाली ठेवलं. रडली नाही, धावली नाही. तिनं एक खिडकी लावली, मग दुसरी, मग तिसरी. टीव्ही लावून आवाज मोठा केला. यमानला कोपऱ्यात गादीमागे बसवलं, त्याच्या कानांवर हात ठेवले आणि हळूच गाणं गुणगुणायला लागली.

अबू रातिबनं उठून टीव्ही बंद केला. "लमार, काय करतेस राणी?"

"शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, सीदो." मग आजोबाचीच समजूत घालावी तसं म्हणाली, "घाबरू नका. थोड्या वेळानं संपतं. मग फक्त आईला बर्फ द्यायचा."

अबू रातिबला आता कळलं. ज्याला तो आठवडाभर गुण म्हणत होता, ती भीती होती.

"मी नळ सोडायचो."

सुफयान बोलत होता. तोंड राखेसारखं झालं होतं. "बाबा आईला मारायचे तेव्हा. न्हाणीत नळ सोडून बसायचो. काका, ती माहेरी गेली की तुम्हीच आणायचात ना तिला परत? माझ्यासाठी म्हणून."

शेखची ती मिशी जन्मात पहिल्यांदा खाली लोंबली.

आता उम्म रातिब सरळ पुरुषांच्या बैठकीत येऊन उभी राहिली. "ऐकलंत? याच्यासाठी आणली होती, आणि याचं काय झालं ते समोर बसलंय. मार आईच्या अंगावर पडतो आणि लेकराच्या अंगात मुरतो. उद्या ही पोर नवऱ्याचा मार खाऊन दार लागलं म्हणेल. यमान बापासारखा हात उगारेल. तेव्हाही अशीच कॉफी ओतायची का आपण?"

वाटीतली वाफ केव्हाच विरली होती. अबू रातिबनं घसा खाकरला.

"शेख, माफ करा. आज मी प्या म्हणणार नाही."

"हा आमचा अपमान आहे," चुलतभाऊ उसळला.

"बस खाली," शेख म्हणाला. "इतकी वर्षं मला वाटायचं मी भांडणं मिटवतो. मी नुसत्या खिडक्या लावत होतो रे."

अबू रातिब जावयाकडे वळला. "आधी डॉक्टर गाठ, स्वतःवर इलाज करून घे. रुदैना यायची की नाही, ते तीच ठरवेल. आणि पुन्हा हात टाकलास, तर मी मंडळी नाही, पोलीस बोलावीन."

सुफयाननं मान डोलावली. दर आठवड्याला तो अम्मानच्या डॉक्टरकडे जातो. रुदैना अजून माहेरीच आहे, शिवणकाम करते. लमार आता हसते, भांडतेसुद्धा. पण वारा आला आणि दार आपटलं, की आधी यमान कुठे आहे ते बघते. ते जायला किती वर्षं लागतील, डॉक्टरलाही सांगता येत नाही.

म्हणून बायांनो, बाप्यांनो, लेकरांसाठी मार सोसायला कुणाला परत धाडू नका. लेकरं लहान असतात, बहिरी नसतात.