झाडूच्या अंगातला नॅनो

जेवणाची सुट्टी झाली होती, पण डबे तसेच ठेवून कारखान्यातली माणसं अंगणात रांग लावून उभी होती. चुंबकमहाराजांनी मखमलीत गुंडाळलेला चुंबक वेल्डरच्या मानेवरून फिरवून वर धरला. मखमल काळ्या कणांनी माखली होती.

"आईशप्पथ!" रांग म्हणाली.

"नॅनो!" महाराज गरजले. "उन्हाच्या मलमातलं जस्त! इतकं बारीक की कुणालाच दिसत नाही. हे बघा, दिसतंय ना? कातडीतून शिरतं, रक्तातून फिरतं आणि गुडघ्यात मुक्काम करतं!"

तिघांचे गुडघे तिथल्या तिथे दुखू लागले. महाराज मग प्रत्येकाच्या तोंडावर पांढरी शुद्धिभुकटी फुंकत आणि तो खोकला की म्हणत, "निघतोय, निघतोय!"

मी या कारखान्याची नर्स. दिवसभर उन्हात छपरांचे सांगाडे जोडणाऱ्यांना ते मलम मीच वाटते. माझा दादा इथे लोखंड घासायचा ग्राइंडर चालवतो. गेल्या वर्षी उन्हाने झालेल्या कॅन्सरच्या गाठीपायी त्याच्या कानाचा वरचा भाग कापावा लागला. कान झाक, मलम चुकवू नकोस, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आज दादा रांगेत दुसरा होता; त्याच्या मानेवरून चुंबक फिरून, तोंडावर भुकटी फुंकूनही झाली होती आणि त्याची ट्यूब कचऱ्याच्या पिंपात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, ते कण कातडीच्या वरच्या, मेलेल्या थरावरच राहतात. तिथेच ऊन अडवतात."

"तू गप गं! डोळ्यांनी दिसतंय ना?"

तेवढ्यात झाडूवाली मावशी आली. काठीला चुंबक बांधून अंगणातला लोखंडाचा कीस गोळा करणं हे तिचं रोजचं काम. तिने मखमल निरखून पाहिली.

"महाराज, माझ्या झाडूचाही नॅनो काढा की. फार थकलाय बिचारा."

लोक हसले. नाही म्हणायची सोय राहिली नाही. चुंबक झाडूवरून फिरला आणि वेल्डरच्या दुप्पट नॅनो निघाला.

"मेला चोरून मलम लावतो वाटतं," मावशी म्हणाली.

"संगतीने लागला असेल," महाराज पुटपुटले.

मी पिंपातली ट्यूब काढून कोऱ्या कागदावर मलम पिळलं. मावशीने आपला चुंबक पुसून त्यावर धरला. एक कण हलला नाही. मग तिने तो दादाच्या ग्राइंडरखाली नेला. चुंबकाला दाढी फुटली.

दादा नळावर गेला, साबणाने मान खसखसून धुतली आणि परत येऊन वाकला. "आता फिरवा."

मखमल झटकून महाराजांनी चुंबक फिरवला. काहीच निघालं नाही.

"बघा! साबणाने नॅनो निघाला!"

"मग तुम्ही कशाला हवेत?" मावशीने विचारलं.

महाराज मखमल आवरून फाटकाकडे निघाले.

दादा अजून खोकत होता. "म्हणजे मलमाचा धोका काहीच नाही?"

"आहे ना. ते कण श्वासातून छातीत जायला नकोत. म्हणून फवारा नाही, भुकटी नाही. उघड्या जखमेवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही. अजून अभ्यास चालू आहे. उद्या नवं काही कळलं तर तेही सांगेन. पण आज भुकटी तुझ्या छातीत कुणी फुंकली?"

मग मी सगळ्यांनाच ऐकवलं, "दिसलं म्हणून मान डोलावू नका. ते कुठून आलं, एवढं तरी विचारा. मलाही विचारा."

रांग पांगली. दादाने टोपी काढली आणि कान माझ्यापुढे केला.

"नीट लाव," तो म्हणाला. "अर्धाच उरलाय."