आतून कडी

पल्लवीनं म्हशीच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि कुणी बघितलं की काय म्हणून मागं वळून पाहिलं. कुणी बघत नव्हतं. नवरा, बालाजी, पायऱ्यांखालीच थांबून फोनवर तुरीच्या भावाचं बोलत होता. आत हॉलमध्ये खुर्च्या मांडल्याचे आवाज येत होते.

दाराशी तिच्या उंचीएवढं पोस्टर लावलेलं होतं. वर मंजुश्रीचं नाव, आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. खाली ‘आतून कडी’ अशी मोठी अक्षरं. आणि मधोमध ती म्हैस, पोटापर्यंत पाण्यात बुडालेली. तिच्या पाठीवर एक मुलगी पालथी पडली होती. दोन्ही हात दोन्हीकडं सोडून दिलेले, वेणी पाण्याला टेकलेली.

म्हैस पल्लवीची होती. खरी चंद्री चिंताकीला, तिच्या माहेरी होती; आणि ही पोस्टरवरची चंद्री पल्लवीनंच काढलेली होती.

लग्न होऊन आळंदला आली तेव्हा पहिला महिनाभर तिला आईची आठवण आली नव्हती, आली होती ती म्हशीची. गावाबाहेरच्या तळ्यात चंद्रीला घेऊन जायचं आणि तिच्या पाठीवर पडून राहायचं, हे तिचं लहानपणापासूनचं काम. नव्या घरात हे सांगणार कुणाला? सून म्हशीसाठी रडते म्हटल्यावर अख्खी गल्ली हसली असती. त्या घरात आतून कडी लागणारी एकच खोली होती, धान्याची. एका दुपारी तिनं ती कडी लावली, खाली बसली आणि केसांतल्या आकड्यानं दाराच्या हिरव्या रंगावर म्हैस ओरखडून काढली. दारावर आधीपासूनच पुष्कळ चित्रं होती. ती तिच्या धाकट्या नणंदेनं, मंजुश्रीनं, लहानपणी कंपासातल्या कर्कटकानं काढलेली. त्या गर्दीत आणखी एक म्हैस खपून गेली. पुढं त्या दाराला खुंट्या ठोकल्या गेल्या, खुंट्यांवर कपडे आले, आणि पल्लवी स्वतःच ती म्हैस विसरून गेली.

मंजुश्री गुलबर्ग्याला चित्रकला शिकली आणि तिथंच कॉलेजात शिकवायला लागली. मागच्या महिन्यात ती टेम्पो घेऊन आळंदला आली आणि आपल्या प्रदर्शनात मांडायला ते दार बिजागऱ्यांसकट काढून घेऊन गेली. पल्लवी त्या दिवशी भाच्याच्या बारशाला चिंताकीला गेली होती. परत आली तर दाराच्या जागी सासूबाईंची जुनी साडी लोंबत होती.

“चल की आत,” बालाजी पायऱ्या चढून आला. “हितंच थांबून काय बगायलीस?”

“काय न्हाई. तुमच्या बहिणीचं नाव.”

आत भिंतींवर मंजुश्रीची मोठमोठी चित्रं होती. चुलीपुढं पाठमोऱ्या बसलेल्या मुली, मांडणीतल्या भांड्यांमध्ये दडून बसलेल्या मुली, पायरीवर बोळकी मांडून बसलेल्या. एका कोपऱ्यात आळंदच्या घरची उतरंड रचलेली होती. आणि हॉलच्या मध्यभागी, लाकडी चौथऱ्यावर, नुसतं ते हिरवं दार उभं होतं. ना भिंत, ना खोली. कडी तेवढी लावलेली.

मंजुश्रीचे गुरू सुधींद्र सर बोलायला उठले. कॉलेजच्या मुली, काही प्राध्यापक, शहरातली आणखी थोडी मंडळी दाराभोवती जमली. पल्लवी आणि बालाजी मागं उभे राहिले.

“या घरातल्या सगळ्या वस्तू मोठ्या माणसांच्या सोयीच्या आहेत,” सर म्हणाले. “फक्त या दाराची आतली बाजू मुलीच्या मालकीची. आणि त्यातही ही म्हैस बघा. रेघ कुठंही थांबलेली नाही, कुठंही घाबरलेली नाही. सात-आठ वर्षांच्या मुलीलाच हे साधतं. मोठं झालं की असा हात राहत नाही.”

पल्लवीची कानशिलं गरम झाली. तिनं पदराआडून आपला उजवा हात बघितला. नखांना सकाळच्या हळदीचा पिवळेपणा होता. या हाताच्या पुरणपोळीचं लोकांनी कौतुक केलेलं होतं, रांगोळीचंही एकदोनदा झालं असेल. रेघेचं कुणी केलं नव्हतं.

तेवढ्यात बालाजीनं तोंड उघडलं.

“सर, एक इचारू का? आमच्या घरी म्हस कव्हाच न्हवती. अप्पा रतिबाचं दूध घ्यायचे. मग ही आली कुठून?”

लोक हसले. सरही हसले.

“मुलांच्या मनात सगळी जनावरं असतात हो.”

“गप बसा की,” पल्लवी हळूच म्हणाली. “शेजारची बगितली असंल लेकरानं.”

“शेजारी तर अडत दुकान हाय.”

“मग बाजारातली.”

“बाजारात म्हशीच्या पाठीवर कोण झोपतंय?”

तिनं त्याच्या दंडाला चिमटा काढला. वर बघितलं तर माईकजवळ उभी असलेली मंजुश्री त्यांच्याकडंच बघत होती. आधी बालाजीकडं, मग पल्लवीकडं, आणि मग बराच वेळ पल्लवीकडंच. पल्लवीनं नजर उतरंडीकडं वळवली.

भाषणं संपल्यावर चहा आला तशी गर्दी चहाच्या टेबलाकडं सरकली. बालाजीनं सरांना गाठून तुरीच्या पिकाचं काहीतरी सांगायला घेतलं. पल्लवी दारापुढं एकटीच राहिली. बारा वर्षांनी ती म्हैस समोर होती. बसून काढल्यामुळं तीही लेकराच्याच उंचीवर आली होती, मंजुश्रीच्या बाहुल्यांच्या आणि लाल बसच्या मध्ये. सांगून टाकावं असं तिला वाटलं, आणि लगेच बाहेरचं पोस्टर आठवलं. एवढी माणसं बोलावलीत, सर एवढं बोलले. नणंदेच्या आजच्या दिवसात आपण माती कशाला कालवायची? म्हैस काय, मंजुश्रीच्या नावावर राहिली तरी म्हैसच राहणार होती. एवढं ठरवूनही तिचे पाय तिथून हलेनात.

“चहा घे वैनी.”

मंजुश्री दोन कप घेऊन आली होती. एक तिला देऊन शेजारी उभी राहिली.

“यातली कंची आवडली?”

“ती मास्तरीण,” पल्लवीनं घाईघाईनं बोट दाखवलं. “नाक कसलं मोठं काढलाव तिचं.”

“होतंच तसलं. अन म्हस?”

“चांगली हाय की.”

मंजुश्रीनं चहाचा घोट घेतला. “मास्तरीण काढल्यालं आठवतंय मला. बस आठवतीय. अप्पांच्या चपला आठवत्यात. म्हस तेवढी आठवत न्हाई. लई डोकं खाजवलं.” तिनं कप चौथऱ्यावर ठेवला. “अन माझ्या पोरी बग. समद्या सरळ उभ्या, हात खाली, शाळेत प्रार्थनेला थांबल्यावानी. अशी निवांत झोपल्याली एक बी न्हाई. मला तर म्हशीजवळ जायाचं बी भ्याव वाटायचं.”

“मग पोस्टरवर कामून लावलाव?”

“समद्यात चांगली तीच हाय म्हणून.”

पल्लवीच्या कपातला चहा तसाच होता, वर साय धरायला लागली होती. टेबलाकडून बालाजीचं हसणं ऐकू आलं. मंजुश्री वाट बघत होती, आणि आपण वाट बघतोय हे लपवतही नव्हती.

“शेपूट आखूड झालंय,” पल्लवी शेवटी म्हणाली. “तिथं आले अन आकडा मोडला.”

मंजुश्रीनं हळूच श्वास सोडला. “कव्हा गं?”

“लग्नाच्या पहिल्या महिन्यात. तुमी होस्टेलला होताव.” मग, जरा थांबून, “सरांला नका सांगू. सात-आठ वर्षांची म्हणायलेत ते.”

“तू किती वर्षांची होतीस?”

“एकोणीस बी पुरं न्हवतं. पोरगीच की मीबी.”

मंजुश्री तिच्याकडं बघत राहिली. वैनी म्हणून घरात आलेल्या बाईला तिनं या नजरेनं आजवर बघितलं नव्हतं. मग ती हसायला लागली. आधी गालात, मग चांगली मोठ्यानं. चहाच्या टेबलाजवळची दोनतीन माणसं वळून बघायला लागली. पल्लवीनं तिचा हात दाबला, पण तिलाही हसू आवरेना.

“म्हशीचं नाव काय?”

“चंद्री. अजून हाय. म्हातारी झालीय, दूध देत न्हाई. आई तिला इकू देत न्हाई कुणाला.”

मंजुश्रीनं दोन्ही हात मागं नेऊन अंबाडा चाचपला, त्यातला एक आकडा ओढून काढला आणि दातात धरून सरळ केला. अंबाडा सुटून मानेवर आला. तिनं तो आकडा पल्लवीपुढं धरला.

“घे. पुरं कर.”

“आता? हितं?”

“हितंच.”

“लोक काय म्हनतील मंजू?” तिला ताई म्हणायचं राहून गेलं. दोघींच्याही ते ध्यानात आलं आणि दोघींनीही ते तसंच राहू दिलं.

“म्हनू दे. सर,” मंजुश्रीनं वळून हाक मारली, “जरा हिकडं येता का? चित्रकार आल्यात.”

सुधींद्र सर कप हातात घेऊनच निघाले. त्यांच्यामागं कॉलेजच्या मुली, त्यांच्यामागं बिस्कीट खात बालाजी. पल्लवीनं एकदा नवऱ्याकडं बघितलं. तो कुठले चित्रकार आले म्हणून हॉलच्या दाराकडं मान वळवून शोधत होता.

तिनं कप मंजुश्रीच्या हातात दिला, आकडा घेतला, रेशमी पदर कमरेला खोचला आणि मांडी घालून दारापुढं बसली.