डावी कळी

अबोलीची ती कळी पाण्याने हलेना. दोन तांबे ओतले, बोटाने हळूच चोळली, तरी देवीच्या डाव्या अंगाला, जास्वंदीच्या फुलांखाली ती तशीच होती – वाळून करडी झालेली, भाताच्या तुसाएवढी. राहू दे, आपोआप जाईल, असं मनाशी म्हणत कल्याणीबाईंनी तेलाची वाटी जवळ ओढली. मलप्रभेच्या काठावरच्या या देवीला मुखवटा नाही, शेंदूर नाही. नुसता काळा गुळगुळीत तांदळा, न घडवलेला दगड. रोज पाणी, आणि तेल वर्षातून एकदाच, श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी. यंदा ते आपल्या हातून घडतंय, म्हणून पहाटेपासून त्यांचं मन कसं धुतल्यासारखं होतं... तेलाचं बोट कळीवरून गेलं आणि कळी सुटली. अलगद सुटली, मागे एक पिवळट तार लांबत आली आणि बोटाला चिकटून राहिली.

फणसाचा चीक.

डोक्याच्या आधी बोटांना कळलं. पाण्याला दाद देत नाही, तेलाने सुटतो – आयुष्यभर फणस फोडताना हाताला आधी तेल फासलेलं. बोटांना कोण फसवणार?

म्हणजे ज्येष्ठातल्या त्या सकाळी... पण नको, तिकडे जायला नको, असं म्हणेपर्यंत मन पोचलंसुद्धा. मुंबईवर बाँब पडणार म्हणून निम्मं गिरगाव रिकामं झालं होतं, आणि इकडची, उपेंद्ररावांची, पेन्शन नुकती सुरू झालेली. त्या पेन्शनीत जिथे सुखाने राहता येईल, डोळ्यांना बरं वाटेल, असं गाव शोधत दोघं हिंडत होती. निपाणी स्वस्त खरी, पण तंबाखूच्या खकाण्याने उपेंद्ररावांना शिंकांवर शिंका. बेळगावात, खासबागेत, धाकटी बहीण नीला. विधवा, एकटी, भाड्याच्या घराचा अर्धा भाग तिने यांच्यासाठी चुन्याने रंगवूनही ठेवलेला. "आक्का, तुझा देव्हारा बरोब्बर पूर्वेला बसतो बघ, मी सुतळी धरून पाहिलंय!" आणि मग हे खानापूर. कौलारू घर, मागे रान, खाली नदी. उपेंद्रराव ओसरीवर उभे राहिले ते हलेचनात. "अगं, जन्म गेला समोरच्या चाळीतली धुणी बघण्यात. आता हिरवं बघू दे."

त्या खासबाग म्हणत होत्या, ते खानापूर म्हणत होते. शब्द वाढले नाहीत, पण ताटावरची बोलणी थांबली. आणि मग एका संध्याकाळी तेच म्हणाले, "देवीला कौल लावू. ती देईल तो मान्य."

ते म्हणाले! जे आजवर बायकोच्या उपासांना हसले, सोळा सोमवारांच्या उद्यापनाला कोट चढवून बाहेर पडले, ते! कल्याणीबाईंना वाटलं होतं, एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस आज पहिल्यांदा माझ्या शेजारी येऊन बसला... गावाचं सोडा, त्या शेजारी बसण्यावरच त्या अर्ध्या विरघळल्या होत्या. रवळू गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना अबोलीची एकेक कळी लावली, रीतीप्रमाणे नुसत्या पाण्याने चिकटवलेली. उजवी पडली तर खानापूर, डावी पडली तर खासबाग. उजवी लगेच पडली. त्या रडल्या होत्या, आनंदानेही आणि नीलासाठीही.

"देवीची आज्ञा मोडवत नाही गं," एवढंच तिला सांगता आलं. नीला म्हणाली, "देवीपुढे मी कोण, आक्का?" एकटीला ते भाडं झेपेना. आता ती निपाणीला दिराकडे आहे. पोळपाट तिच्या हाती, आणि खोली माजघरातली, म्हणजे खोलीच नाही.

"आक्का, तेल झालं व्हय लावून?" रवळू परडी घेऊन आला, आणि त्यांच्या तळव्यावरची कळी बघून जागीच थबकला.

"रवळू, हे काय आहे?"

तो परडीतली फुलं उगाच चाळवत राहिला. "मालकांनीच सांगितलं, आक्का. म्हनले, बाईंचं मन लागंना, एवढं करा. मानूस भला... परसात कलमं लावनार म्हनले. मी मागनं देवीची माफी मागितली. नारळबी फोडला."

"आणि ही काढली नाहीस?"

"घासून घासून बघितली. निघंना."

"तेल लावायचं. निघाली असती."

रवळू दचकलाच. "तेल? आजच्या दिसाबिगर? न्हाय न्हाय आक्का, तसलं पाप माझ्या हातनं न्हाय हुयाचं!"

त्यांना हसू आलं की हुंदका, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. म्हणजे सगळ्यांनी आपापला नेम पाळला होता. त्याने तेलाचा पाळला, मी पाण्याचा पाळला, आणि तू... त्यांनी देवीकडे पाहिलं. तुझ्या अंगावर चिकटवलं ते तू अंगावर बाळगलंस. टाकलं नाहीस, बोललीही नाहीस. की माझ्या हातून सुटावं म्हणून थांबली होतीस? हे तरी खरं मानू का?

घरी येऊन पाय धुतले. श्रावणी शुक्रवारचं मौन तिथून सुरू, ते जेवून आचवेपर्यंत. पुरण शिजलं, वाटलं गेलं. हात चालत होते. उपेंद्रराव पाटावर बसले. त्यांनी ताट वाढलं, आणि डाव्या बाजूला, मीठ वाढतात तिथे, मिठाशेजारी कळी ठेवली. मग स्वतःचं वाढून समोर बसल्या.

"तुझ्या देवीने जागा मात्र अशी दिलीय!" ते सांगत होते, "सकाळी धुकं नदीवरून..." चिमटीत मीठ घ्यायला हात गेला, आणि तिथेच राहिला.



"अगं, तुझ्याच मनाला समाधान म्हणून..." ते म्हणाले. "मी नुसता हट्ट केला असता तर तू झुरली असतीस. देवीने सांगितलं म्हटल्यावर कशी फुलासारखी आलीस! खोटं असेल तर सांग. नाही आलीस?"

आले होते. फुलासारखीच आले होते. तेच तर... हट्ट केला असता, तर भांडले असते, हरले असते, नीलाच्या गळ्यात पडून तुम्हाला चार शिव्या दिल्या असत्या. आणि ती हसली असती. तुम्ही मला हरूसुद्धा दिलं नाहीत.

"बोल ना काहीतरी," म्हणाले, आणि मग आठवून, "हां, मौन आहे नाही का तुझं. होऊ दे. जेवण होऊ दे." त्यांना केवढं हायसं वाटलं ते त्यांच्या खांद्यांवरून दिसलं. पुढचा घास त्यांनी अळणीच घेतला.

कल्याणीबाई सावकाश जेवल्या. ताटातलं काही टाकायचं नाही, टाकलं नाही. मग उठून मागच्या दारी गेल्या, आचवल्या, चूळ भरली. मौन इथे सुटायचं. देवीचं नाव घ्यायचं आणि मग माणसांत बोलायला लागायचं. त्यांनी ओठ उघडले. समोर तेच रान, तीच नदी, डोळे निवतील असं हिरवंगार... पाहुणी म्हणून गेलेल्या घरातून दिसावं तसं.

आतून हाक आली, "झालं का गं आचवून?"

झालं होतं. व्रत संपलं होतं. तरी त्या ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. तोंडातलं हे मौन आता कुठल्याच देवाला वाहिलेलं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं, आणि ते कधी सोडायचं याचा कौल त्यांना कुणाकडेच मागायचा नव्हता.