विहिरीत सोडलेला मासा

मी ओढ्याच्या तळाचा मासा बोलतोय. बोटाएवढा. अंगावर काळे पट्टे, तोंडाला मिशा. आमच्याकडे आम्हाला मुऱ्या म्हणतात. बाजारात आम्हाला कुणी विचारत नाही, त्याचं मला दुःख नाही.

कामणच्या वर, डोंगरातून उतरणाऱ्या पाण्यात मी जन्मलो. खाली वाळू, वर दगड, मधे मी. पाणी अंगावरून धावतं आणि आपण जागा सोडायची नाही, हे आमचं काम. पोहून मिरवणारे मासे वेगळे.

मला शकूने धरलं. कामण तिचं माहेर. दगड उचलला आणि मला ओंजळीत घेतलं. तिची सासू जिजा, खाडीकाठची शेतकरीण. तिने मासा मागवला होता. त्या घरची रीतच तशी. पिण्याच्या विहिरीत ओढ्याचा जिवंत मासा सोडायचा. जगला तर पाणी गोड. मेला तर खाडी आत शिरली. किटलीत बसून मी गोखिवऱ्यावरून शकूच्या सासरी गेलो.

विहीर दगडी, खोल. पाणी उभं. उभं पाणी मला मानवत नाही. तरी निभावलं.

पुढे शकूचा नवरा रामू, याने विहिरीवर मोटर बसवली. तुळिंजला बिल्डिंगी उठत होत्या, त्यांना नळ नव्हते. टँकर यायचा, पाइप पडायचा, पाणी भराभर उतरायचं. गोडं पाणी गेलं, त्या जागी खाडी झिरपू लागली. माझे कल्ले चुरचुरले. पट्टे फिके पडले.

पाण्यात दम पुरेना की आमची जात वर येऊन तोंडाने हवा गिळते. मीही येऊ लागलो. तळाच्या माशाला ही शोभणारी गोष्ट नाही. पण जिजा काठावरून बघायची आणि खूश व्हायची. शेजारणींना बोलावून दाखवायची, मासा कसा खेळतोय.

इकडे शकूची डाळ शिजेना. चहा फाटू लागला. पाणी खारं होतंय, टँकर बंद करा, म्हणून ती घरात भांडली. आणखी एक उन्हाळा असाच गेला तर विहीर हातची जाईल, म्हणाली. रामू हसला. तुझ्या माहेरची डाळच निबर, म्हणाला. जिजाने विहिरीकडे बोट केलं.

"मासा जिता हाय ना? मंग पानी गोड हाय."

माझं जगणंच शकूच्या विरुद्ध साक्ष देत होतं. आता वर जायचंच नाही, असं मी ठरवलं. अंगाने ऐकलं नाही.

एकदा शकूने माहेरून कॅनभर ओढ्याचं पाणी आणलं, डाळीपुरतं. त्यातलं थोडं परातीत ओतलं. बादली टाकून मला वर काढलं आणि परातीत सोडलं. मी सरळ तळ गाठला. टेकलो. हललो नाही.

जिजाला वाटलं, मेला. शकूने बोट लावलं, तसा मी जरा सरकलो आणि पुन्हा बसलो. जिजा परातीशी बसून राहिली. भाकऱ्या थापायच्या राहिल्या.

"माज्या सासूनं सोडलेला मासा कदी वर दिसलाच नाय," ती हळू बोलली. "आमीच इचारायचो, हाय का मेला."

"आई, ह्यो खेलत नव्हता," शकू म्हणाली. "धापा टाकीत होता."

जिजा उठली. विहिरीचं पाणी रोजचंच, पण त्या दिवशी ते तिने जिभेवर धरून ठेवलं. मग थुंकली आणि मोटरपाशी गेली. रामूने सांगून पाहिलं, टँकरवाल्याला शब्द दिलाय, एवढा महिना जाऊ दे.

"काढतोस मोटर," जिजा म्हणाली, "का माशाच्या जागी मी उतरू आत?"

मोटर निघाली.

शकूने मला माझ्या ओढ्यात आणून सोडलं. माहेरी आली की ती इथे कपडे धुते आणि आईशी बोलते, ते मी दगडाखालून ऐकतो. डाळ अजून वेळ घेते म्हणते, पण शिजते. विहीर पुरती सुधारली असं मी म्हणणार नाही. खाडी आली तशी लगेच जात नाही.

माझे पट्टे पुन्हा काळे झालेत. वय झालंय, मागणं एकच. विहिरीत मासा सोडलात तर तो वर दिसला म्हणून आनंद मानू नका. आणि वाकून वाकून पाहूनही दिसला नाही, तर काळजी करू नका. तो बरा आहे.