न्यागाले आत्याला नामू

"आत्या, तुझा आवाज फाटका आहे म्हणून तू पुस्तकं लिहितेस, हे खरं का?"

विचारलं एकदाचं! पैज माझ्या मैत्रिणीने, सानाताने लावली होती. सानाता कुलिबाली म्हणजे जन्माची चवळीखाऊ; कुलिबाली घराण्यातल्या सगळ्यांनाच आम्ही कामिसोको असं चिडवतो आणि तेही हसत ऐकून घेतात. "तुम्ही कामिसोको तोंडाचे शूर ना? मग विचार की!" म्हणाली, आणि बाकीच्या पोरींना घेऊन कुंपणाआड दडून बसली.

न्यागाले आत्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मांडीवरची टरफलं झटकली आणि गायलीच! बसल्या जागी, भर उन्हात. कुंपणाआडची खुसफूस थांबली. शेजारणीचं मुसळ थांबलं. आमच्या कीता गावातल्या निम्म्या लग्नांत माझी आई गाते, पण हा आवाज तिच्याहून मोकळा होता.

"मग लिहितेस कशाला?"

"गाताना समोर यजमान बसलेला असतो गं. त्याच्या पणजोबाचं गायचं. पणजी बिचारी राहूनच जाते. तिला मी कागदावर बसवते." मग हळूच म्हणाली, "पण हे नवं पुस्तक काही पुढे सरकत नाही."

का सरकत नाही ते मला ठाऊक होतं. आम्ही ग्रियो. आमच्या यजमान घराण्यांच्या कथा गाणं, सांगणं हेच आमचं काम. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ओळीओळीला 'नामू' म्हणायचं: ऐकतोय, चालू दे. हा हुंकारा नसला की सांगणाऱ्याचा पायच उचलत नाही. आत्याला लहानपणापासून नामू म्हणायचे ते माझे बाबा. तिने यजमानांची कथा छापली आणि बाबांनी नामू बंद केला. "तोंडासमोर सांगायची गोष्ट परक्यांच्या हातात दिलीस," म्हणाले. घरच्या कर्त्यानेच बंद केल्यावर बाकीचे कशाला म्हणतायत?

"वाचून तर दाखव," मी म्हटलं. मला नुसतं ऐकायचं होतं, शपथ!

आत्याने वाचायला घेतलं. दुष्काळात यजमानांच्या विहिरीवर रात्रभर पहारा देणारी एक बाई. पहिली ओळ संपली, आत्याने श्वास घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नामू."

सवयच ती! आत्याने कागदावरून मान वर केली. मी जीभ चावली. बाबांनी इतकी वर्षं धरून ठेवलेलं मी एका शब्दात मोडलं होतं.

"परत घेऊ?"

"नामू परत घेता येतो होय, माझे आई?" मला आजीचं नाव ठेवलंय, तिगिदा, म्हणून आत्या मला आईच म्हणते. "वाचू पुढे?"

"नामू."

ती वाचत गेली, मी म्हणत गेले. 'सिंहिणीसारखी ती निर्भय होती' या ओळीला मात्र मी गप्प.

"काय झालं?"

"अख्खी रात्र एकटी होती ना ती? जराही भ्यायली नाही? मला नाही पटत."

आत्या खळखळून हसली आणि ती ओळ खोडली. "अगदी तुझा बाप! मी थाप मारली की अस्साच गप्प बसायचा." हसता हसता तिचे डोळे भरून आले. मी माझ्या ओढणीने पुसले, तर म्हणते, "शेंगांची धूळ गेली डोळ्यांत."

सानाता कुंपणावरून ओरडली, "पैज जिंकलीस गं! पण बाबांना काय सांगशील?"

रात्री आम्ही परातीभोवती जेवायला बसलो. बाबा भाताकडे बघत म्हणाले, "दुपारी न्यागाले गायली म्हणे."

"गायली. मग वाचलंही."

"कोणासमोर?"

"माझ्यासमोर. आणि मी नामू म्हटला."

बाबांनी घास परातीत ठेवला. आई म्हणाली, "अगं, चुकून म्हटला असशील."

"पहिला चुकून," मी म्हटलं. "पुढचे नाही. बाबा, ती अजूनही तुमच्यासारखा नामू शोधते. तुम्ही रागवा हवं तर. पण आई, बाबा, माझं ठरलंय. पुस्तक संपेपर्यंत शाळा सुटली की मी रोज आत्याला नामू म्हणायला जाणार."