अठरावं नाव

ढेकूळ अंगठ्याएवढं होतं आणि त्याच्या मधोमध एक गोल भोक होतं. फुटबॉलच्या बुटाच्या तळाला असतात त्या स्टडचं भोक. माती सुकून दगडासारखी झालेली, एका अंगाला गवताची पिवळी काडी अजून चिकटलेली... तेल्मोने कपडे धुण्याच्या मशीनखाली हात घातला होता तो घरंगळत गेलेलं बरणीचं झाकण काढायला, आणि हाताला हे लागलं. कधीचं असेल? तीन वर्षांपूर्वीचं तरी. तीन वर्षं झाली, तो स्टडचे बूट घालत नाही. प्रशिक्षक सपाट बूट घालून रेषेच्या बाहेर उभा राहतो, आणि रेषेबाहेरची माती कुणाच्या घरी येत नाही.

“फेक ते,” त्याची बायको कोवा ओट्यापाशी पाव भाजत म्हणाली, “नाहीतर चौकट करून भिंतीवर तरी लाव.”

त्याने ते टेबलावर ठेवलं. तिने एकदा तिकडे पाहिलं. पावावर टोमॅटो चोळला, तेल सोडलं, बशी त्याच्यापुढे सरकवली.

“आज रविवारची यादी ना?”

“हो.”

“मग तिनोला सांगितलंस?”

तो पाव खात राहिला.

“अरे, फोन कर त्याला. आपल्या ओलायाच्या बाप्तिस्म्याला त्याने तिला हातांत धरलं होतं. घरी बोलाव, जेवायला घाल आणि सांग. माणसाने माणसाला सांगावं तसं.”

“तसं नसतं ते, कोवा.”

“कसं असतं मग?”

कसं असतं ते त्याला सांगता आलं नाही. तसं त्याला खेळाचंही कधी सांगता आलं नव्हतं. सतरा वर्षं तो मधल्या फळीत खेळला, आणि पाठीमागे कोण कुठे उभं आहे हे मान न वळवता त्याला कळायचं. कसं कळतं, असं वार्ताहर विचारायचे, आणि तो लाजून म्हणायचा, मागे तिनो आहे ना, म्हणून. लोकांना तो विनय वाटायचा. ते खरं होतं. तिनोचा श्वास ऐकू यायचा, त्या जड पावलांची धप्‌धप् यायची, आणि त्यावरून सगळं मैदान समजायचं — आंधळ्याला भिंत समजते तसं.

बाहेर दरीत धुकं उतरलं होतं. पेन्याल्बात मे महिन्यातही सकाळी डोंगर दिसत नाहीत, नुसते असतात. तेल्मो नदीच्या कडेने चालत निघाला. पलीकडे बंद खाणीचा लोखंडी मनोरा, त्याचं चाक धुक्याच्या वर तरंगल्यासारखं. चाक फिरत नाही याची सवय होऊन वीस वर्षं झाली, तरी तो रोज त्याच्याकडे एकदा बघतो. फिरत असेल एखाद्या दिवशी, कोण जाणे.

न्येवेसच्या बारमध्ये त्याने न मागताच कॉफी आली.

“मिस्टर,” ती म्हणाली. प्रशिक्षकाला सगळा देश मिस्टर म्हणतो, पण न्येवेसच्या तोंडी ती शिवीही होऊ शकते. “परवा हरलात तर सोमवारपासून कॉफी दुसरीकडे प्यायची. मी आत्ताच सांगून ठेवते.”

“आणि जिंकलो तर?”

“तर तिनोला पाठव. त्याला फुकट. शेवटचा सामना ना त्याचा? माझी आई चाकाच्या खुर्चीतून येणारेय. म्हणते, तिनोला एकदा चेंडू ढगात मारताना बघते आणि मग मरते.”

बारमधले दोघेतिघे हसले. तेल्मोही हसला. हसताना त्याला आपलं तोंड दुसऱ्या कुणाचं तरी आहे असं वाटलं.

रविवारचा सामना हरला तर संघ खालच्या गटात जाणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिनोचा डावा गुडघा गेलाय हे मात्र तेल्मोला आणि तिनोला, दोघांनाच. तिनो ते लपवायचा, तेल्मो न दिसल्यासारखं करायचा. गेल्या दोन सामन्यांत समोरचा गडी त्याच्या बाजूने सुटून गेला, आणि तिनो वळेपर्यंत... त्या वळण्यात किती वेळ गेला! जहाज वळावं तसा तो वळला. बाकावर बसवावं, शेवटची पाच मिनिटं द्यावीत, असं कुणीही म्हणेल. पण बाकावर तिनो दिसला की विसाव्या मिनिटापासून अख्खं मैदान त्याच्या नावाने ओरडणार, न्येवेसची आई खुर्चीतून ओरडणार, आणि मी त्याला आत घालीन. मी स्वतःला ओळखतो. मला नाही म्हणता येत नाही, फक्त गप्प बसता येतं.

म्हणजे खेळणारे अकरा आणि बाकावरचे सात, या अठरा जणांत तो नसलाच पाहिजे.

आता बाकी सगळीकडे यादी मोबाईलवर येते. पेन्याल्बात अजून ती कागदावर लिहितात, आणि लिहितो कप्तान. प्रशिक्षक नावं सांगतो, कप्तान आपल्या हाताने उतरवतो आणि दारावर टाचतो. ही रीत खाणीतून आली. तिथे पाळीची नावं मुकादमाने लिहिलेली चालत नसत; जो स्वतः खाली उतरणार त्याच्याच हाताने ती पाटीवर यायला हवीत, आणि लिहिणाऱ्याने आपलं नाव शेवटी घालायचं, कारण तो शेवटी उतरायचा. तेल्मोच्या वडिलांनी अशी पाटी अकरा वर्षं लिहिली. म्हणून यादीतलं अठरावं नाव कुणी विचारत नाही. ते लिहिणाऱ्याचं.

तेल्मो कप्तान होता ती आठ वर्षं ते त्याचं होतं. मग एका शुक्रवारी तेव्हाच्या प्रशिक्षकाने, म्हाताऱ्या इलारियोने, सतरा नावं सांगितली, थांबला, खोलीतल्या गरम पाण्याच्या नळ्यांकडे बघत राहिला — आणि दुसऱ्याच कुणाचं नाव सांगितलं. तेल्मोने ते लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. दारावर टाचून तो घरी गेला, आणि त्यानंतर इलारियोशी कधी बोलला नाही. दोन वर्षांनी इलारियो गेला तेव्हा अंत्ययात्रेलाही नाही. माझ्याकडे बघितलं तरी असतं, एवढंच तेल्मोचं म्हणणं होतं, आणि ते त्याने कुणाला म्हणून दाखवलं नव्हतं.

यादीतून गेला त्याच वर्षी तेल्मो स्वतः मिस्टर झाला. पहिल्या शुक्रवारी नव्या कप्तानाला, तिनोला, नावं सांगताना तो अठराव्यापाशी आला आणि सवयीने म्हणाला, “नोरिएगा.” स्वतःचं आडनाव! तिनोने डोळाही न हलवता ते लिहून दारावर लावलं. दिवसभर प्रशिक्षक संघात होता. पोरं हसून लोळली, तिनो गंभीर तोंडाने म्हणत होता, “मी कोण बदलणार? मिस्टरांचा हुकूम.” संध्याकाळी त्याने ते खोडून आपलं नाव घातलं, पण हलक्या रेघेने, खालचं वाचता येईल असं...

सरावाला धुकं मैदानावरच होतं. खेळाडू रिंगण करून मधल्या दोघांना चेंडू लागू न देण्याचा खेळ खेळत होते. आवाज आधी यायचा, माणूस मागून. “आंधळा आहेस का रे?” “तुझा पास होता की देवाला नवस?” तिनोचा आवाज सगळ्यांत वर. मग चेंडू रिंगणाबाहेर तेल्मोच्या पायाशी आला आणि पायाने त्याला विचारलं नाही. एका स्पर्शात, न बघता, चेंडू डाव्या हाताला धुक्यात गेला आणि तिथे तिनो होता. अर्थात होता.

“मिस्टर, या ना आत,” तिनो ओरडला, “तुमच्याहून म्हातारी माणसं खेळतायत इथे!”

क्षणभर तेल्मोला वाटलं की हेच खरं आहे, धुकं आहे तोवर कुणाचंच वय झालेलं नाही. यादी, रविवार, गुडघा हे सगळं धुक्याबाहेरच्या लोकांचं. तेवढ्यात परत येणाऱ्या चेंडूकडे तिनो वळला, आणि त्याने दात आवळल्याचं तेल्मोने पाहिलं. दुसऱ्या कुणी नाही.

बारा वाजता तिनो प्रशिक्षकाच्या खोलीत आला. केस ओले, पायात चपला. दार पायाने लोटलं, कागद पुढ्यात ओढला.

“सांगा. आणि स्वतःचं नाव सांगू नका, या खेपेला पोरं ओढून नेतील तुम्हाला मैदानात.”

तेल्मो नावं सांगू लागला. तिनो जीभ ओठांत धरून लिहीत होता, शाळकरी गोल अक्षरात. सहा. नऊ. नावं कशी सोपी असतात, एकामागून एक येतात, पायऱ्या उतराव्यात तशी. तेल्मोने ठरवलं होतं की आपण बघायचं. त्याच्याकडे बघायचं. चौदा, पंधरा. तिनोच्या कानावरचे केस पिकले होते, कानात शाम्पूचा थोडा फेस राहिला होता. सोळा. सतरा.

तिनोने अठराचा आकडा घातला आणि सवयीने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर लिहायला हात टेकवला. हात थांबला.

आणि तेल्मो गप्प.

त्या शुक्रवारी इलारियो इथे होता तर! याच जागी. तेल्मोला इतकी वर्षं वाटत आलं होतं की ती निर्दयाची शांतता होती, दगडाची. पण आत फार गर्दी होती. वडील होते, मुठीत खडू धरलेले. ओलायाला अवघडून धरलेला तिनो होता. पावसातला कुठला तरी सामना होता, ज्यात दोघं एकमेकांवर पडून हसत होते, गोल कुणी केला हे आता आठवत नाही. आणि या सगळ्यांच्या पलीकडून, कितीतरी लांबून, एक नाव चालत येत होतं. ते येईतो कुठे तरी बघावंच लागतं माणसाला. आपण केव्हापासून त्या नळ्यांकडेच बघतोय, हे तेल्मोच्या लक्षात आलं.

त्याने डोळे तिथून काढले. जड होते, पण निघाले.

“एनोल,” तो तिनोकडे बघत म्हणाला.

तिनोने मान वर केली. एनोल वीस वर्षांचा होता आणि वाऱ्यासारखा वळायचा. तिनो बराच वेळ बघत राहिला. त्याच्या नजरेत राग असेल म्हणून तेल्मो वाट पाहत होता. राग आला नाही, किंवा अजून वाटेत होता.

“गुडघा?” तिनोने हळूच विचारलं.

“हो.”

“बाकावर तरी, तेल्मो.” आठवड्याभरात पहिल्यांदा तो मिस्टर म्हणाला नाही.

“बाकावर असलास तर मी तुला आत घालीन.”

तिनोने एनोलचं नाव लिहिलं. एकेक अक्षर, घाई न करता. कागद उचलून धरला, लांबून वाचला, टाचण्यांची डबी खिशात टाकली. दारापाशी गेल्यावर त्याला काही आठवल्यासारखं झालं.

“रविवारी मी उभा कुठे राहू? मला तिकीट कुठून काढतात तेही ठाऊक नाही, लेका. आयुष्यात काढलं नाही.”

“मला दिसणार नाहीस असा कुठेतरी.”

तिनो हसला का? तोंड वळल्यावर खांदे हलले एवढं खरं. मग चपलांचा आवाज बोळातून लांब गेला; टाचणी लाकडात शिरल्याचा बारीक आवाज; आणि पलीकडे पोरांचा जो गोंधळ चालू होता तो एकदम थांबला. तेल्मो कान देऊन होता. त्या जड पावलांवरून त्याला नेहमी सगळं समजायचं, आता ती पावलं कोणत्या बाजूला गेली हेच कळेना.

तो खिडकीपाशी गेला. ऊन पडलं होतं. मैदान स्वच्छ, हिरवं, रिकामं. मैदानाची निगा राखणारा माणूस पांढऱ्या रेघा मारत होता. तेल्मोने नकळत मधलं वर्तुळ शोधलं, त्याच्या किंचित डावीकडची जागा, जिथे तो सतरा वर्षं उभा होता आणि गेली तीन वर्षं रोज या खिडकीतून स्वतःला उभं बघत होता. तिथे गवत होतं. नुसतं गवत, बाकीच्यासारखंच. काढलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसं त्याचं मन पुन्हा पुन्हा तिथे जाऊन आलं, दुखेल म्हणून थांबून राहिलं... दुखत नव्हतं. आणि हे बरं झालं, का आपल्यातलं काही आत्ताच, या खोलीत, कुणाला न विचारता निघून गेलं, हे त्याला ठरवता येईना. खिडकीच्या गार काचेला कपाळ लावून तो तसाच उभा राहिला, दुखण्याची वाट बघत.