तळ: ठीक

ताईने दोरीवरचे वाळलेले कपडे ओढून एकेक करत त्याच्या खांद्यावर टाकले. तिसऱ्या चादरीनंतर त्याला पुढचं दिसेना, आणि पाचव्या अभ्र्यानंतर ताईला तो दिसेना.

"हलू नकोस," ती म्हणाली. "तू आता खुंटी आहेस."

"सरकारी खुंटी," तो आतून म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी काहीही टांगून घेत नाही."

ताईने पत्र्याची पेटी उघडली आणि अंगणात डांबरगोळ्यांचा वास पसरला. आतले स्वेटर दोन हिवाळे कुणी बाहेर काढले नव्हते, कारण हिवाळेच आले नव्हते. सकाळी रेडिओवर सांगितलं होतं, दुपारी गार वारा सुटेल, पारा एकदम खाली येईल. तेव्हापासून तलावाकाठच्या प्रत्येक अंगणात पेट्या उघडत होत्या. लोक कुंपणावरून एकमेकांना "येतोय हं एकदाचा!" असं सांगत होते, जणू कुणाचा लेक परदेशातून येणार होता.

त्याने कपड्यांचा ढीग ओट्यावर टाकला आणि वळला. दोरी पहिल्यांदाच रिकामी दिसत होती. तिला मीटर-मीटरवर चिंध्या बांधलेल्या होत्या. एक तांबडी, मग एक पिवळी, मग ओळीने तांबड्या, आणि खांबाजवळच्या गाठीला लागून एक निळ्या चौकड्याची.

त्याने त्या मोजल्या. मग उलट्या बाजूने मोजल्या. दोन्हीकडून बाराच भरल्या.

"ताई, ही दोरी कुठली?"

"तुझ्याच होडीतली." ती पेटीतले स्वेटर झटकून एकेक करत दोरीवर टाकू लागली. "नुसती वेटोळं घालून लोळत होती. एवढी लांब दोरी लागते कशाला रे? थोडीशीच कापली मी. उरलेली पुन्हा कडीला नीट बांधून ठेवली होती हं!"

"कधी?"

"धाकटी झाली तेव्हा. लंगोट वाळत घालायला नव्हती का दोरी?"

धाकटी ओट्यावर बसून स्वेटरचं बटण चोखत होती. मागच्याच आठवड्यात तिला दोन वर्षं पूर्ण झाली होती.

गावात त्याला सगळे नोंद्या म्हणत. दर आठवड्याला होडी घेऊन तलावाच्या मधोमध जायचं, दोरीला बांधलेली बाटली तीन खोलींवर सोडायची, पाणी वर काढायचं आणि त्यात हवा किती आहे ते वहीत नोंदवायचं, ही त्याची नोकरी. ती त्याला अण्णांनी शिकवली. अण्णा हे त्याच्या आधीचे नोंदणीदार. चाळीस मीटरच्या दोरीला चिंध्या त्यांनीच बांधल्या होत्या. दर दहाव्याला पिवळी, आणि अगदी शेवटी आपल्या फाटलेल्या शर्टाचा चौकडा. "चौकडा हाताला लागला की तळ आला समज," असं ते म्हणत. पुढे अण्णा निवृत्त झाले, मग वारले, आणि एके दिवशी चौकडा हाताला लागेनासा झाला. नोंद्याने ठरवलं, कुजून गळून पडला असेल. दोरी संपली की तळ, एवढं त्याला पुरेसं होतं. सरकारी दोरी झिजते, मळते, कधी कधी अख्खी चोरीला जाते. पण आखूड होते, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षं तो अठ्ठावीस मीटरवरचं पाणी काढत होता आणि चाळीस लिहीत होता.

"कुठे निघालास? चहा ठेवलाय!"

त्याने गाठ सोडली. ताईचे स्वेटर ओळीने मातीत बसले.

"दाजी," तो ओरडला, "होडी काढा."

दाजी वल्ही मारताना बोलायचे, नाहीतर त्यांना दम लागायचा.

"अरे, बारा मीटरने काय होतंय? पाणी ते पाणी. वर ओलं, खाली कोरडं, असं आहे का?"

नोंद्या दोरीचे दोन तुकडे जोडत होता. गाठ तो तीनदा बांधून तीनदा ओढून पाहत होता, आणि दाजींनी हे पाहिलं.

"बरं, नाही विचारत," ते म्हणाले आणि लगेच त्यांना दम लागला.

समोर डोंगर दिसत होता. पूर्वी त्यावरचं रान पायथ्यापर्यंत उतरायचं. आता ते माथ्याकडे सरकत चाललं होतं आणि खालची जागा काटेरी झुडपं घेत होती. डोंगरावरून येणारा ओढा तलावात शिरायचा ते तोंड पलीकडच्या काठाला होतं. एके काळी तिथे होडी उलटायची. आता धार करंगळीएवढी होती. अलीकडे, गावाकडच्या काठापासून शंभरेक हातांवर, रिकाम्या पिंपांना बांधलेले ताईचे जाळीचे चार पिंजरे तरंगत होते. त्यात ताईची दोन वर्षं होती. माशांची गाडी आणखी चार दिवसांनी यायची होती.

त्याने बाटली सोडली. तांबडी, तांबडी, पिवळी. जोडाची गाठ हातातून सरकली. मग बोटांना चौकडा लागला. त्याने झटका दिला, खाली बाटलीचं बूच निघालं, आणि तो ओढू लागला.

बाटली होडीत येताच दाजींनी नाक मुरडलं.

"मी नाही हं."

सडक्या अंड्याचा वास होता. नोंद्याने पेटीतल्या दोन कुप्यांमधले दोन-दोन थेंब पाण्यात टाकले, बूच लावलं आणि बाटली हलवली. पाण्यात हवा असेल तर ते तपकिरी होतं. आजवर ते कधी गर्द, कधी फिकट, पण तपकिरीच झालं होतं. या बाटलीत दुधासारखं पांढरं काहीतरी तयार झालं आणि निवांतपणे खाली बसलं.

पस्तिसाला पांढरं. तिसाला पांढरं. एकोणतिसाला पांढरं.

अठ्ठाविसाला तपकिरी.

त्याने अठ्ठावीस पुन्हा करून पाहिलं. तपकिरीच. दोन वर्षं त्याची बाटली खाली जात होती आणि या पाण्याच्या हातभर वरून परत येत होती, अंगणातल्या झोपलेल्या कुत्र्यावरून रोज पाय टाकून जावं तशी.

"वाईट आहे का?" दाजींनी विचारलं.

"खाली बसलंय तोवर नाही."

उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, असं अण्णा सांगायचे, आणि गोधडीसारखं पसरून बसतं. गार पाणी त्याच्याखाली कोंडतं. हिवाळ्यात वरचं थंड होतं, जड होतं, बुडतं, आणि खालचं वर येतं. तलाव कूस बदलतो. तेवढाच त्याचा वर्षाचा श्वास.

"म्हणजे आपल्या ऑफिससारखंच," नोंद्या तेव्हा म्हणाला होता. "वर्षातून एकदा हलायचं."

अण्णा हसले नव्हते. "आणि ज्या वर्षी हलत नाही त्या वर्षी खाली काय साठलं, ते ऑफिसातही नंतरच कळतं," एवढंच म्हणाले होते.

त्यांच्या वहीत शेवटचा रकाना होता: 'तलाव उलटला'. त्याखाली तारखा. दर वर्षी तारीख थोडी पुढे सरकलेली, आधी दिवसांनी, मग आठवड्यांनी. मागच्या दोन वर्षांसमोर नोंद्याने आडवी रेघ मारली होती. पट्टीने, सुबक.

ते परतले तेव्हा ताई मातीतले स्वेटर झटकत होती. त्याने उंबऱ्यातच सगळं सांगितलं. वारा सुटला की ते पाणी वर येईल. मोकळे मासे पळतील. पिंजऱ्यातले कुठे पळणार? जाळ्या सोडाव्या लागतील. आज. आत्ता.

ताईने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. कपाटाच्या दारावर त्याने दर आठवड्याला दिलेल्या चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या, वरपासून खालपर्यंत, कपाटाचा रंग दिसू नये इतक्या. प्रत्येकीवर त्याचंच अक्षर. वर: ठीक. मध्य: ठीक. तळ: ठीक.

"वाच," ती म्हणाली.

"ताई—"

"नाही, वाच ना. शंभर वेळा लिहिलंयस, एकदा वाच. ह्या बघून मी पिंजरे वाढवले. दोनाचे चार केले. शेजारीण म्हणाली, पाण्याचा काय भरवसा, तर मी तिला इथे आणून उभं केलं. माझा भाऊ लिहून देतो म्हटलं. दोन वर्षं तुझा कागद खरा होता आणि आज तोंड खरं?"

"कागद खोटा नव्हता. दोरी आखूड होती."

ती पुढची चिठ्ठी दाखवायला वळली. मग तिने खिडकीतून अंगणातल्या दोन खांबांकडे पाहिलं. त्यांच्यामध्ये आता काहीच नव्हतं.

"दोरी मी कापली," ती म्हणाली.

"मी मोजली नाही."

धाकटी दोघांच्या मधून रांगत गेली. दोन वर्षांची घोडी झाली तरी मनात आलं की ती रांगायची. दाजी दारात वल्हं हातात धरूनच उभे होते.

"नाही उलटला तर?" ताईने विचारलं.

"तर मी तुझं दोन वर्षांचं नुकसान केलं."

"आणि उलटला तर?"

बाहेर ओट्यावर वाळत घातलेल्या स्वेटरची एक बाही उचलली गेली आणि पुन्हा खाली पडली.

ताईने फळीवरची सुरी घेतली. दोरी याच सुरीने कापली होती का, हे त्याने विचारलं नाही.

धाकटीला शेजारणीकडे ठेवून तिने चारही पिंजऱ्यांच्या जाळ्या स्वतः कापल्या. दाजींनी त्या ओढून काठावर टाकल्या. मग तिघं दोन होड्यांत बसून मासे जायची वाट पाहू लागले.

मासे गेले नाहीत. जाळी नव्हती, पण जाळी होती तिथपर्यंत येऊन ते वळत होते. शेकडो मासे चार गोल करून फिरत होते, कोपऱ्यात जागा नसल्यासारखे एकमेकांना घासत, आणि त्यांच्यापुढे अख्खा तलाव मोकळा होता.

"जा ना रे," दाजी त्यांना म्हणाले. "जा की. सोडलंय तुम्हाला."

"त्यांना कोण सांगणार," ताई म्हणाली. "त्यांच्यासाठी सगळं ठीकच चाललंय."

वारा आता गावाकडून येत होता, अंगाला झोंबेल असा. काठावर लोक जमले होते. सगळे स्वेटर घालून, खुशीत. कुणीतरी हात हलवून ओरडलं, "काय थंडी पडलीय! मजा आहे बुवा तुमची, पाण्यात!" दाजींनी सवयीने हात हलवला.

ताईने होडीतला खाद्याचा डबा उचलला. रोज ती तो दोनदा वाजवायची आणि मासे वर यायचे. तिने वाजवला. चारही गोल मोडले आणि पाणी होडीभोवती उकळल्यासारखं झालं.

"ओढ्याकडे," ती दाजींना म्हणाली. "तिथलं पाणी वाहतं आहे. करंगळीएवढं का असेना."

"एवढे सगळे तिथे मावतील?"

"वल्हवा."

होडी निघाली. ताई पाठमोरी बसून डबा वाजवत होती आणि मूठमूठ खाद्य टाकत होती. मागे पाण्यावर एक काळी, थरथरती शेपटी लांबत चालली होती. वारा त्यांच्या पाठीशी होता. पलीकडचा काठ दूर होता आणि डब्यातलं खाद्य एका वेळेपुरतंच होतं, हे नोंद्याला माहीत होतं. ते तिलाही माहीत असणार, कारण मुठी लहान होत चालल्या होत्या.

तो आपल्या होडीत तिथेच राहिला. बाटली सोडली. अठ्ठावीस आता पांढरं होतं. चोवीस पांढरं. वीस पांढरं. त्याने वही उघडून वेळ लिहिली, खोली लिहिली, रंग लिहिला. होडी डुलत असल्याने अक्षर वाकडं आलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच. थोड्या वेळाने बारा पांढरं झालं.

मग काठावरचा गलबला थांबला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एका बाईने स्वेटरची बाही नाकावर धरली.

"अंडी कुणी उकडायला ठेवलीत का?" कुणीतरी विचारलं.

दोघं-तिघं हसले.

नोंद्याने शेवटच्या रकान्यात आजची तारीख लिहिली आणि मान वर केली. पलीकडे होडी बोटाच्या पेराएवढी दिसत होती. डबा वाजायचा थांबला होता. ती पोचली म्हणून, की मागे कुणी उरलं नाही म्हणून, हे एवढ्या लांबून कळत नव्हतं.

त्याने कान देऊन पाहिलं. मग बाटली रिकामी केली, आणि दोरी पुन्हा सोडली. एकेक चिंधी मोजत.